लॉन्जेव्हिटी क्लिनिक, बाणेर : ३८ हजारांचं पॅकेज घेतलं, त्याचा सगळा अनुभव

क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तिथली दोन माणसं खरंच मनापासून काम करतात आणि पुण्यात आता म्हातारपण लांबवू म्हणणारी अशी बरीच क्लिनिकं झालीत, त्यामुळे तुम्ही दुसऱ्या कुठल्या जाणार असाल तरी याचा उपयोग होईल.

मी ५४ वर्षांची, डहाणूकर कॉलनीत राहते, बँकेत होते, दोन वर्षांपूर्वी व्हीआरएस घेतली. माझ्या आईला अल्झायमर होता. शेवटची चार वर्षं तिने मला ओळखलं नाही, मी ताट घेऊन समोर बसले की म्हणायची, अहो बाई, माझी मुलगी आली की मला सांगा हं. हे ज्यांनी आपल्या घरात बघितलंय त्यांना समजेल की म्हातारपण लांबवायचं औषध आलंय असं कुणी म्हटलं की मी का थांबून ऐकते. जेवढी वर्षं वाट्याला आहेत तेवढी हातीपायी धड आणि डोकं ठिकाणावर असताना जावीत, एवढंच माझं मागणं आहे.

तर डिसेंबरमध्ये पॅकेज घेतलं. ३८ हजारात रक्ताच्या सगळ्या तपासण्या, डेक्सा स्कॅन (अंगात चरबी किती आणि स्नायू किती ते दाखवणारा), ट्रेडमिलवर दमसासाची टेस्ट, फिजिओथेरपिस्टकडून ताकदीची तपासणी, "जैविक वय" (म्हणजे शरीर आतून किती वर्षांचं झालंय) रिपोर्ट आणि डॉक्टरांशी पाऊण तास बोलणं. सकाळी आठला उपाशीपोटी बोलावलं, खाली बेसमेंटला पार्किंग आहे, रक्त घेणारी मुलगी अगदी हलक्या हाताची, एका फटक्यात शीर सापडली. रक्त दिल्यावर उपमा आणि चहा देतात, उपमा गरम होता.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच आहे.

डेक्सा. सपाट टेबलावर निजायचं, वरून एक दांडा फिरतो, सात-आठ मिनिटांत काम होतं, अजिबात दुखत नाही. मला आयुष्यभर सगळे "किती सडपातळ राहिलीयेस गं" म्हणत आलेत, माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२ आहे, आणि रिपोर्टमध्ये चरबी निघाली ३६ टक्के. हात-पाय बारीक आणि सगळं पोटाच्या आत. घरी आल्यावर मुलीने मला केईएम हॉस्पिटलचे, म्हणजे आपल्या रास्ता पेठेतल्या केईएमचे, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ सालचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो दाखवला. त्यात ते आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांचा बीएमआय २२.३, बघायला दोघंही सारखेच बारीक, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्या अंगात २१.२. वजनकाट्यावर आपण फसतो ते असं. डेक्साशिवाय मला हे कधीच कळलं नसतं, या एका टेस्टला माझे पाचपैकी पाच.

दुसरी ती फिजिओथेरपिस्ट मुलगी. तिने हातात एक यंत्र दिलं आणि म्हणाली, काकू, सगळा जोर लावून दाबा. उजव्या हाताची पकड आली १७ किलो. आशियाई बायकांसाठी १८ च्या खाली म्हणजे ताकद कमी, असं तिने सांगितलं. मग खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठ-बस करायला लावली, मला १३ सेकंद लागले, बाराच्या आत व्हायला हवं. पिठाचा डबा वरच्या फळीवरून काढताना मला आजकाल दोन्ही हात लागतात, हे मी कुणालाच बोलले नव्हते, तिने आपणहून विचारलं. तिने वीस मिनिटं बसून चार व्यायाम शिकवले, कागदावर काढून दिले, फोनवर व्हिडिओही करून दिला. त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता जिथे माझं बिनसलं ते.

चार दिवसांनी रिपोर्ट आला, ४६ पानी, आणि पहिल्याच पानावर मोठ्या लाल अक्षरात: तुमचं जैविक वय ५९. मला धस्सच झालं. आई डोळ्यासमोर आली. पाच वर्षं माझ्या हातून निसटली असं वाटलं आणि त्याच अवस्थेत समोरच्या को-ऑर्डिनेटरने दुसरं पान उलटलं आणि म्हणाली, मॅम, घाबरू नका, हे रिव्हर्स करता येतं, आणि त्या पानावर औषधांचा प्लॅन होता. लेव्हल एक म्हणजे एनएमएनच्या कॅप्सूल आणि मेटफॉर्मिन, लेव्हल दोन म्हणजे आठवड्यातून एकदा रॅपामायसिन (ही तिन्ही काय आहेत ते पुढे सांगते). मी तिथल्या तिथे एनएमएनच्या दोन बाटल्या घेतल्या, साडेचार हजाराला एक. घाबरलेल्या माणसासमोर औषधाचं पान उलटणं मला बरोबर वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आता या आकड्याचं ऐका. माझी मुलगी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करतेय युनिव्हर्सिटीत, तिने रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं. हे वय रक्तातल्या नऊ गोष्टींवरून काढलेलं होतं: अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी, लिम्फोसाइटचं प्रमाण, लाल पेशींचा आकार, त्या आकारातला फरक म्हणजे आरडीडब्ल्यू, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पांढऱ्या पेशी, आणि त्यात तुमचं खरं वय मिसळायचं. हा फॉर्म्युला मॉर्गन लेव्हिन या शास्त्रज्ञबाईंनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या आरोग्य सर्व्हेच्या आकड्यांवरून बांधलाय, उघड छापलेला आहे, कुणीही एक्सेलमध्ये टाकू शकतं. यातलं सीआरपी म्हणजे अंगातल्या सुजेचं माप. आणि मी रक्त दिलं त्याच्या दहा दिवस आधी मला व्हायरल ताप येऊन गेला होता, तीन दिवस अंथरुणात होते! सीआरपी ११ आलं होतं, पांढऱ्या पेशीही चढलेल्या. रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर माझी रास सोडून सगळं विचारलं होतं, झोप किती, ताण किती, नवऱ्याशी संबंध कसे, पण गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, दात काढणं, इन्फेक्शन असं काही झालं का हा रकानाच नव्हता.

महिन्याने मी घराजवळच्या लॅबमध्ये याच नऊ तपासण्या परत केल्या, मुलीने त्याच फॉर्म्युल्यात टाकल्या. ५४ आलं. मधल्या महिन्यात मी काही अमृत प्यायले नव्हते, ताप उतरला होता इतकंच. म्हणून कळकळीने सांगते, आजारी पडून उठलात की निदान महिनाभर थांबा आणि मगच असली टेस्ट करा, नाहीतर फुकटची धास्ती पदरी पडते.

मेटफॉर्मिनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत ही गोळी आहे. ही डायबेटिसची जुनी गोळी, मूळ एका युरोपातल्या जांभळ्या फुलांच्या रोपट्यात, १९५७ साली पॅरिसला ज्याँ स्टर्न यांनी ती पहिल्यांदा डायबेटिसच्या पेशंटना दिल्याचं छापलं. २०१४ मध्ये ब्रिटनच्या आकड्यांवरून असं दिसलं की मेटफॉर्मिन घेणारे डायबेटिसवाले डायबेटिस नसलेल्यांपेक्षाही किंचित जास्त जगतात, तिथून हिला दीर्घायुष्याची गोळी म्हणायला लागले. पण २०२२ मध्ये डेन्मार्कच्या आकड्यांवर हेच परत तपासलं तेव्हा तसं दिसलं नाही. न्यूयॉर्कचे डॉ. निर बार्झिलाय यांची मोठी ट्रायल आखून ठेवलेली आहे, डायबेटिस नसलेले ६५ ते ७९ वयाचे ३००० लोक आणि सहा वर्षं, पण गोळीचं पेटंट कधीच संपलंय म्हणून कुठल्या कंपनीला त्यात पैसे घालण्यात रस नाही, आणि कित्येक वर्षं ती पैशावाचून अडलीये. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन-तीन रुपयांच्या गोळीने जर खरंच म्हातारपण सुसह्य होत असेल तर ते आपल्यासारख्यांना कळायला नको का?

आणि एक गोष्ट खरी सांगते, जी वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते. २०२४ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी वयस्क नर माकडांना ४० महिने मेटफॉर्मिन दिलं आणि त्यांच्या मेंदूचं वय त्यांच्या मापानुसार साधारण सहा वर्षांनी मागे आलेलं दिसलं. मेंदूचं. आईचा चेहरा आठवला आणि वाटलं, घ्यावीच ही गोळी, होऊ दे काय व्हायचं ते. त्यामुळे कुणी आशेपोटी घेत असेल तर मी त्याला वेड्यात काढणार नाही, मी स्वतः नऊ दिवस घेतली. पोट पार बिघडलं, दिवसातून चार-पाचदा जावं लागायचं, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, जे ह्यांना कॉलेजपासून ओळखतात.

डॉक्टरांनी ४६ पानं शांतपणे चाळली. ३१ व्या पानावर थांबले आणि म्हणाले, वहिनी, हे कुणी दाखवलं का तुम्हाला? बी १२ होतं १४२. दोनशेच्या खाली म्हणजे कमी. तिथे एक छोटा पिवळा त्रिकोण होता, बस. मग त्यांनी विचारलं, पायाला मुंग्या येतात का, आणि मला वर्षभर येत होत्या, मी समजत होते बसून बसून येतात. ट्यूनिंग फोर्क वाजवून माझ्या घोट्याला लावला आणि म्हणाले, थरथर जाणवायची थांबली की सांगा. मी थांबली म्हटलं, त्यांनी तोच फोर्क उचलून माझ्या मनगटाला लावला तर तो अजून चांगला थरथरत होता. मला रडूच यायला लागलं.

मग ते म्हणाले की मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की शरीरात बी १२ शोषलं जाणं कमी होतं. ही काही गुपित गोष्ट नाही, ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये डॉक्टरांना स्पष्ट सूचनाच दिली होती की हा नेहमी आढळणारा दुष्परिणाम आहे, लक्षणं दिसली तर बी १२ तपासा. आणि आपल्या पुण्याचं बी १२ मुळातच कसं आहे? याच याज्ञिक सरांच्या टीमने पुण्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ मध्ये छापलं, त्यात साधारण दोन तृतीयांश लोकांचं बी १२ कमी निघालं. आम्ही शाकाहारी माणसं, दूधसुद्धा चहापुरतं. बी १२ फार दिवस कमी राहिलं तर नसांवर जातं, विसरभोळेपणा येतो, गोंधळायला होतं. म्हणजे आईसारखं होऊ नये म्हणून मी जी गोळी गिळत होते तीच मला त्या वाटेवर थोडं पुढे ढकलू शकली असती, आणि हे लिहिलेला कागद त्याच क्लिनिकने माझ्या हातात दिलेला होता. राग येतो तो याचा. मेटफॉर्मिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे पाऊण तास होता, पान ३१ उघडायला अर्धा मिनिट लागतो.

दुसरं असं की त्यांच्याच प्लॅनमध्ये वर लिहिलं होतं, स्नायू कमी आहेत, वजनं उचलायचा व्यायाम करा, आणि खाली मेटफॉर्मिन. अमेरिकेत २०१९ मध्ये ६५ च्या पुढच्या निरोगी लोकांवर ट्रायल झाली होती, सगळ्यांनी १४ आठवडे वजनं उचलली, अर्ध्यांना मेटफॉर्मिन दिलं आणि अर्ध्यांना साधी साखरगोळी, तर मेटफॉर्मिनवाल्यांचे स्नायू कमी वाढले. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं झालं हे.

डायबेटिस असलेल्यांनो, हे वाचून कृपा करून गोळी बंद करू नका. तुमच्यासाठी ती चांगलीच आहे, फक्त डॉक्टरांना म्हणा, एकदा बी १२ बघूया. मला डायबेटिस नाही, माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, ५.५ आहे.

एनएमएनचं थोडक्यात. शरीरात एनएडी नावाचा पदार्थ वयानुसार कमी होतो, एनएमएनपासून तो बनतो, इथपर्यंत ठीक. क्लिनिकमध्ये मला सांगितलं की बायकांवर सिद्ध झालंय. ती ट्रायल मुलीने शोधून काढली, २०२१ ची, पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या आणि साखर काठावर असलेल्या २५ बायका, दहा आठवडे, आणि स्नायूंमध्ये इन्सुलिन जरा बरं काम करायला लागलं. चांगलंच आहे ते, पण आयुष्य वाढल्याचा त्यात एक शब्द नाही, आणि माझं वजनही जास्त नाही आणि साखरही काठावर नाही. एनएमएनचंच भावंड म्हणजे एनआर, ते अमेरिकेतल्या सरकारी उंदीर प्रकल्पात दिलं तेव्हा उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. माझ्या बाटलीवर खाद्यपदार्थाचा लायसन्स नंबर आहे, औषधाचा नाही. एक बाटली संपवली, मला काहीही फरक जाणवला नाही. साडेचार हजार.

रॅपामायसिन मी घेतलं नाही, पण त्याबद्दल मला आदर वाटतो, म्हणून लिहिते. १९६४ मध्ये कॅनडाची एक तुकडी पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती, तिथल्या मातीचे नमुने माँट्रियालच्या लॅबमध्ये आले आणि त्यातल्या एका जिवाणूपासून हे औषध निघालं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून रॅपामायसिन. ते शोधणारे डॉ. सुरेन सेहगल मूळचे आपल्याकडचे, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. कंपनीने पुढे ती लॅब बंद केली, काम थांबलं, तेव्हा या माणसाने त्या जिवाणूच्या कुप्या घरी नेऊन स्वतःच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवल्या. १९९९ मध्ये ते किडनी ट्रान्सप्लांटसाठी मंजूर झालं आणि २००९ मध्ये तीन वेगवेगळ्या लॅबनी मिळून दाखवलं की ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशोबात साठीच्या आसपासच्या उंदरांना दिलं तरी आयुष्याची वरची मर्यादा माद्यांमध्ये १४ आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी वाढते. उतारवयात सुरू करूनसुद्धा! या सगळ्या यादीत उंदरांवर सगळ्यात भक्कम पुरावा याचाच आहे.

पण आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, ते हीच गोळी घेतात, अर्थात रोज आणि जास्त डोसमध्ये. मी त्यांना विचारायला गेले. ते म्हणाले, ताई, मला ही गोळी जीव वाचवायला लागते म्हणून मी घेतो, पण तोंड येतं, गेल्या महिन्यात तर भाकरीचा तुकडा तोंडात फिरवता येत नव्हता, कोलेस्टेरॉल चढलं म्हणून त्याची वेगळी गोळी, आणि साधं खरचटलं तरी भरून यायला वेळ लागतो. निरोगी माणसांवर आठवड्यातून एकदा कमी डोस देऊन ४८ आठवड्यांची एक ट्रायल झालीये, २०२५ ला आली, पोटाच्या चरबीत फरक पडला नाही, जास्त डोस घेणाऱ्या बायकांमध्ये स्नायू आणि दुखणं थोडं सुधारलं. आशा आहे, नाही म्हणत नाही. पण प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, आणि ते सांगणारी को-ऑर्डिनेटर, जी डॉक्टरही नाही आणि फार्मासिस्टही नाही, मला "बहुतेक क्लायंट्स लेव्हल दोन घेतात मॅम" म्हणते, हे बंद व्हायला पाहिजे. मी पेशंट आहे, क्लायंट नाही.

पुढे काय झालं ते. मेटफॉर्मिन बंद, बी १२ ची इंजेक्शनं एक दिवसाआड घेतली, मग आठवड्याला एक. साठ-सत्तर रुपयांच्या आत एक इंजेक्शन पडलं. फिजिओच्या कागदावरचे चार व्यायाम आठवड्यातून तीनदा, दोन किलोपासून सुरुवात केली, आता पाच किलोचे डंबेल उचलते. रोजच्या जेवणात मूठभर उसळ आणि वाटीभर दही वाढवलं. तीन महिन्यांनी बी १२ आलं ४८६, डाव्या पायाच्या मुंग्या गेल्या, उजव्याच्या अंगठ्यात अजून आहेत, डॉक्टर म्हणाले नस भरून यायला वेळ लागतो. पकड २० किलो, खुर्चीची उठ-बस दहा सेकंदांत. पिठाचा डबा एका हाताने खाली येतो.

क्लिनिकला मी हे सगळं दोन पानी पत्र लिहून दिलं, ताप विचारायचा रकाना घाला आणि बी १२ बघितल्याशिवाय मेटफॉर्मिन लिहू नका, हे दोन मुद्दे अधोरेखित करून. फिजिओ मुलीचा फोन आला, काकू, फॉर्म बदललाय, मी स्वतः बघितला. डॉक्टरांकडून काही उत्तर नाही. न फोडलेल्या बाटलीचे पैसे रोख परत द्यायला ते तयार नव्हते, दोनदा जाऊन बसल्यावर साडेचार हजारांचं क्रेडिट दिलं, त्यात मी फक्त डेक्सा परत करून घेणार आहे. तुम्ही गेलात तर सुट्या तपासण्या मागा, डेक्सा आणि ताकदीची तपासणी वेगळी मिळते पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि निघायच्या आधी सगळ्या पानांची पीडीएफ मेलवर घ्या, नुसती अॅपवर ठेवली की मेंबरशिप संपल्यावर दिसत नाही.

माझी डेक्सा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, स्नायू खरंच वाढलेत का ते तेव्हा कळेल, आकडे आले की इथेच लिहीन.